दादूसचा जिताडा

बर्फवाल्याशी माझं भांडण ऐन रंगात आलं होतं तेव्हा भाचीचा फोन आला. "आत्या, बाबा उठत नाहीत..." भाव अर्धवट सोडून मी निघाले. माझा थोरला भाऊ हरेश, अख्ख्या दिवाळे गावाचा दादूस, झोपेतच गेला होता. त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. त्याच्याबद्दल चांगलंच लिहीन. बाकीच्यांबद्दल मी तसं वचन दिलेलं नाही.

तरुणपणी दादूस जहाजावर स्वयंपाकी होता. जपानच्या एका बंदरात उतरला आणि तिथल्या कच्च्या माशांच्या छोट्या खानावळीत कामाला राहिला. गिऱ्हाइकं म्हणायची, हा भारतीय, याला करी करू दे, माशाला हात लावू देऊ नका. म्हाताऱ्या उस्तादाने त्याला कित्येक वर्षं नुसते तांदूळ धुवायला लावले. पुढे उस्तादाच्या स्वतःच्या मुलानेच धंदा नाकारला. त्याला कचेरीतली नोकरी हवी होती आणि जेवायला बर्गर. "म्हनून सुरी माझे हातान आयली," दादूस हसून सांगायचा. "त्यांचे पोराला लाज वाटली, मना नाय वाटली."

परत आल्यावर त्याने बेलापूरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा भाड्याने घेतला आणि तसलीच खानावळ काढली. जपानी साहेब यायचे. त्यांतला एक म्हातारा जेवता जेवता रडला होता; आमच्या गावात आता असं कोणी करत नाही, म्हणाला. वरच्या मजल्यांवर मात्र नाकं मुरडली जात होती. "कच्चे मासे? शी! माणसं आहेत का मांजरं?" शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी सभेत सांगितलं, हरेशचं खाऊन लोक आजारी पडले. कोण पडलं? एक नाव सांगता आलं नाही. ठराव झाला, गाळा गेला. मी भांडायला निघाले तर दादूसने हात धरला. "बाय, गप रव." त्यानंतर तो बेलापूरच्या त्या रस्त्याला कधी गेला नाही... लोकांना आजारी पाडल्याचा ठपका घेऊनच मेला.

मी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सुरुवात केली, आज माझ्या होड्या आहेत. गाळा गेल्यावर दादूस त्यांच्यावर जाऊ लागला, जपानात शिकलेली रीत घेऊन. जाळ्यातला जिवंत जिताडा, खाडीतला हा मोठा मासा, तडफडून मरू द्यायचा नाही, चव जाते. डोक्यात सळई मारून क्षणात संपवायचा, लगेच रक्त काढायचं, मग बर्फात. "दादूस, मासा मारताव का त्याचा ऑपरेशन करताव?" होडी चालवणारा तांडेल चिडवायचा. एकदा चव घेतली आणि स्वतःच सळई मागून घेतली.

आता कच्चा मासा ही फॅशन आहे. त्याच अध्यक्षांच्या मुलाने कागदी कंदील टांगून जपानी हॉटेल काढलंय. दादूसचं बारावं झालं आणि बाप-लेक माझ्या दारात आले. दादूसचा फोटो भिंतीवर लावायचा होता, खाली 'आमचे गुरू'. आणि तसा मारलेला जिताडा हवा होता. तो फक्त माझ्याच होड्यांवर मिळतो.

"ताई, जुनं जाऊ द्या. तेव्हा लोकांना कळत नव्हतं," अध्यक्ष म्हणाले.

"लोकांना? सभेत कोण बोललं होतं?"

"भाव तुम्ही म्हणाल तो," मुलगा मध्येच म्हणाला.

उभ्या जन्मात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. "भाव एकच," मी म्हटलं. "त्याच सोसायटीच्या सभेत उभं राहायचं. सांगायचं, हरेशच्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलं नव्हतं, मी खोटं बोललो."

मुलगा बापाकडे बघू लागला. बाप म्हणाला, "ताई, इतिवृत्तात ते कसं दिसेल..."

"मग गिऱ्हाइकांना फ्रोजन घाला." चहा संपायच्या आत मी त्यांना उठवलं.

मला दया आली नाही, अजून येत नाही. तांडेल आजही दादूसने शिकवली तशीच सळई मारतो. बंद कर असं त्याला कोणी सांगितलं नाही. तो जिताडा गावातल्या बायका साध्या भावाने विकतात आणि दिवाळ्याच्या घराघरांत चिंचेच्या कालवणात तो शिजतो. हॉटेलवाल्याचे निरोप येतात, दर वेळी भाव वाढवून. मला घाई नाही. सोसायटीची सभा दरवर्षी भरते.