साहेबांची पहिली चाल

मी बुद्धिबळ शिकवलं नाही असा कोपरा जगाच्या पाठीवर उरलेला नाही. वाळवंटात शिकवलं, सोंगट्या हाताला गोठून चिकटाव्यात अशा थंडीत शिकवलं. एका बेटावर तर अख्खं गाव कोंबड्यांसकट माझ्या एकटीविरुद्ध बसलं, आणि त्यातल्या त्यात कोंबड्या बऱ्या खेळल्या. पण माझं रक्त खरं उकळलं ते इथे, घराजवळ, दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका हॉलमध्ये.

माझी विद्यार्थिनी, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली मुलगी, शेवटचा डाव खेळत होती. जिंकली तर दिल्लीच्या संघात. प्रमुख पाहुणे म्हणून आले होते तिच्या वडिलांच्याच खात्यातले मोठे साहेब.

पाहुण्यांनी पहिली चाल करायची, फोटो काढायचा, मग खेळाडूने ती मागे घेऊन स्वतःची चाल खेळायची, असा रिवाज जगभर आहे. साहेबांनी राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं एक घर ढकललं. म्हणाले, राजा को थोड़ी हवा आने दो. त्या हवेने राजाला न्यूमोनियाच व्हायचा होता.

मुलीने प्यादं परत ठेवायला हात पुढे केला, तर मागे उभ्या असलेल्या वडिलांनी तिचं मनगट धरलं.

"असू दे गं. साहेब इथेच आहेत."

मी पंचाकडे वळले. तो म्हणाला, मॅडम, अच्छा नहीं लगता, रहने दीजिए. मी त्याला हिंदीत असं काही सुनावलं की पार हरियाणात मानेसरच्या कारखान्यांतली यंत्रं थांबली असतील. नियम तुझ्या खिशात आणि कणा कुठे, असंही विचारलं. तो नुसता टाय सरळ करत राहिला. समोरच्या खेळाडूचा हात उत्तराच्या चालीसाठी निघालासुद्धा होता.

तेव्हा मुलगीच बोलली, अगदी हळू.

"बाबा, हात सोडा. मला हरायचं नाहीये."

त्यांनी सोडला. तिने प्यादं जागेवर ठेवलं आणि वजिरासमोरचं दोन घरं पुढे नेलं. आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो मोठा करून बघत होते. त्यांना पट आठवतही नव्हता. एवढ्यासाठी त्या माणसाने पोटच्या पोरीचा डाव द्यायला काढला होता.

ती जिंकली. बक्षीस देताना साहेब माइकवर म्हणाले, शुरुआत तो हमने ही करवाई थी. सगळ्यात जोरात टाळ्या वडिलांनी वाजवल्या. मुलीने ट्रॉफी घेतली, साहेबांना नमस्कार केला आणि वडिलांकडे न बघता माझ्या शेजारी येऊन बसली.