करीच्या दिवशी भरलेली बैठक

मैत्रिणींनो, आत्ताच अकोल्याहून परतले. धाकट्या भावाला विचारूनच हे लिहिते आहे.

आज पोळ्याचा दुसरा दिवस, कर. आमच्या वऱ्हाडात आज मटण शिजतं आणि बाटल्या उघडतात. भावाने नुकतीच दारू सोडली आहे. सकाळीच त्याचे दोस्त दारात आले, तशी मी त्याला घेऊन अकोल्याची एसटी धरली. दारू सोडणाऱ्यांची बैठक तिथे भरते, एवढंच ऐकलं होतं.

विचारत विचारत एका दगडी गोदामापाशी पोचलो. कापसाच्या जुन्या तेजीतलं असावं. दार लोटलेलं होतं.

"ताई, करीच्या दिवशी कोण येते इथं? चाल वापस," भाऊ म्हणाला.

मी दार ढकललं. आत बसायला जागा नव्हती. प्रत्येकाजवळ घरचा डबा होता. आज कुणी एकटा पडू नये, म्हणून ही माणसं दिवसभर एकत्र बसणार होती. मी बघतच राहिले.

"नवा भाऊ आला, सरका रे," एक म्हातारे बाबा म्हणाले. "काल बैलायले सुट्टी होती, आज आपल्याले. पण सुट्टीत एकट्यानं हिंडाचं नाई."

सगळे हसले. भाऊही हसला आणि मला म्हणाला, "तू जाय घरी. मी येतो संध्याकाळी."

एरवी मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटं पाठवत नाही. आज चक्क तिथे ठेवून आले, आणि निवांत आहे.

तुमच्या गावात करीच्या दिवशी न पिणारे कुठे बसतात? माहीत असेल तर खाली लिहा. कुणाची तरी ताई शोधत असेल.