पायाशी ठेवलेलं बटण

माणसाची गरज पडू नये म्हणून मी एक मशीन तयार केलं आणि पुढचे चार महिने त्याच्याच शेजारी स्टुलावर बसून काढले. अर्जुनी मोरगावच्या एका कचेरीच्या व्हरांड्यात. बोट लावलं की सातबारा कसा काढायचा, कोणता दाखला कुठं मिळतो, हे पडद्यावर दिसणार होतं. निदान ठरलं तरी तसं होतं.

मशीनचं काम काकांनी घेतलेलं. गोंदियात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मला माउस धरायलाही त्यांनीच शिकवलं. त्याच सुमारास नागपूरच्या एका स्टुडिओनं मला अशाच पडद्यांची डिझाइनं करायला बोलावलं. दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले. काका म्हणाले, "जा नं. पण आधी मशीन बिना तुह्या चालू दे." बाबा म्हणाले, त्यांचं मन मोडू नको. झालं! रोज सकाळी पॅसेंजर, दिवसभर स्टूल.

मशीन काही एकटं चालेना. काकांच्या हट्टापायी पहिल्या पडद्यावर प्रतापगडच्या महादेवाचं चित्र होतं. वर 'सुरू', तळाला 'बाहेर'. लोक चपला काढून यायचे, चित्राच्या तळाशी बोटं टेकवून कपाळाला लावायचे, आणि पडदा काळा व्हायचा. मग घाबरून माझ्याकडे बघायचे. "तिथं हात कायले लावता?" म्हणून मी खेकसायची. मला त्यांचा मनापासून राग यायचा. या अडाणी लोकांपायी माझं नागपूर हुकणार, असंच मी धरून चालले होते.

एकदा जवळच्या बुद्धविहारात जाणारी एक म्हातारी आली. ती चित्रापुढे वाकली नाही. सरळ 'सुरू' दाबून तिनं हवं ते वाचून घेतलं. तिच्या मागच्या माणसानं मात्र नमस्कार केला, पडदा काळा झाला आणि मी त्याच्यावर ओरडले. म्हातारी थांबली.

"त्याले काऊन रागावून राहिली, पोरी? देव तूच बसवला, अन् बंद करायची कळ त्याच्या पायाशी ठेवली. हात तिथंच जाईन नं."

लाजेनं माझे कान तापले. काका चित्र काढून टाकू देईनात, म्हणून मी बटणंच बदलली. 'सुरू' तळाला आणलं, 'बाहेर' वर कोपऱ्यात नेलं. आता लोक नमस्कार करत आणि माहिती उघडे. आठवडाभर मला कुणी हाक मारली नाही. दिवाळीला दहा दिवस होते. मी बॅग भरली.

मग जिल्ह्याचे साहेब मशीन बघायला आले, सोबत काका. साहेब भलतेच खूश. बाकीच्या सातही तालुक्यांत असंच बसवू म्हणाले. काकांचे डोळे अभिमानानं भरून आले.

"हे पोरगी करून देते नं, साहेब," ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "लोकायचं मन इलेच समजते."

नागपूर गेलं, हे मला तिथंच कळलं. 'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझे हात मात्र आपसूक काकांच्या पायांकडे गेले.