खुबूसात न टिकणारा खळगा

खुबूसाचा तुकडा तोडायचा, बोटांत वळून त्याची गोळी करायची आणि तीत अंगठा दाबायचा. इथे आखातात, आमच्या हवल्लीतल्या ऑफिसच्या फाटकावरचा केनियन वॉचमन रोज असाच जेवायचा. तो अरबी पाव मऊ, त्यात खळगा काही टिकायचा नाही. मग ती गोळी तो कोल्ड्रिंकबरोबर गिळायचा.

"जेवलात का?" विचारायची आपली खोड तुम्हाला ठाऊकच आहे. मी विचारलं की तो जलीबच्या कामगार वस्तीत शिकलेल्या हिंदीत म्हणायचा, "पेट फुल, मॅडम. खाना नहीं हुआ."

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पोटात भात गेल्याशिवाय आपण तरी कुठे जेवतो? त्याचा भात म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा; त्यात अंगठ्याने खळगा करून कालवण उचलायचं. पण कंपनीने दिलेल्या खोल्यांत शेगडीला बंदी. खालच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, खुबूस, नूडल्स, तळलेली कोंबडी आणि रंगीत गोड पाणी. खोलीतले सगळे केनियावाले त्यावरच जगत. गावाहून काटकुळा आलेला हा माणूस इथे फुगला. पायाची जखम भरेना, तेव्हा शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, घरचं खा.

"कौन सा घर, मॅडम?" त्याने मला विचारलं.

एकदा त्याने गावाहून आलेली पिठाची पिशवी माझ्या हातात ठेवली. "आपके किचन में, एक बार." मी हौसेने केलं, आणि काय केलं? उकड! ताक, हिंग-मिरचीची फोडणी, वर कोथिंबीर. त्याने वास घेतला आणि मुकाट्याने सगळी संपवली.

"खाना हुआ?"

"पेट फुल," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही खूप हसलो. मग त्याने शिकवलं, "सिर्फ पानी, सिर्फ आटा. नमक भी नहीं. हाथ दुखेगा, तब तक घुमाओ."

शुक्रवारी सुट्टीत मी उरलेल्या पिठातलं थोडं हात दुखेपर्यंत घोटून पाहिलं. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी तसाच गोळा करून, डब्यात भरून फाटकाशी गेले. खुर्चीवर दुसराच माणूस होता. पाय फारच चिघळला म्हणून कंपनीने त्याला काल गावी पाठवलं, असं हा नवा म्हणाला. मी "बरं" म्हटलं. रडू आलं नाही. वाईटसुद्धा धड वाटेना, सगळं बधिर.

दुपारी ऑफिसच्या टेबलावर डबा उघडला. शेजारी बर्गरचे पुडे उघडत होते. मी तुकडा तोडला, गोळी वळली, अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.