तुंबलेली टाकी आणि झाकलेला सूर्य: वाशी ते अंकोला

दरवर्षी सातवीच्या वर्गात मी सूर्यग्रहण शिकवायचे. टेबलावर दिवा म्हणजे सूर्य, एका हातात चेंडू म्हणजे पृथ्वी आणि दुसऱ्या हातात लिंबू म्हणजे चंद्र. लिंबाची सावली चेंडूवर पडली की मुली टाळ्या वाजवायच्या. मग एखादी हमखास विचारायची, "बाई, तुम्ही खरं खग्रास पाहिलंय?" नाही म्हणताना मला कसंनुसं व्हायचं. स्वतः पाण्यात न उतरलेल्या बाईनं पोहायचे वर्ग घ्यावेत तसं ते होतं. म्हणून ऐंशी साली, महाशिवरात्रीच्या पाठोपाठ येणारं खग्रास सूर्यग्रहण कारवार-अंकोल्याकडून जाणार असं पेपरात वाचलं, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की मी जाणार.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "लोकं ग्रहणात दारं लावून बसतात, आणि तू त्याच्या मागं धावत जाणार?"

सुधाकर मात्र लगेच तयार झाला. (इथे नावानं लिहितेय, तेव्हा 'अहो'च होते.) त्याला ग्रहणाशी घेणंदेणं नव्हतं, जीप पळवायला निमित्त हवं होतं. रबाळ्याच्या एका कारखान्यात तो फोरमन होता. लष्कराच्या लिलावातली एक फोर-व्हील जीप त्यानं घेतली होती, तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं, आणि डिझेलची टंचाई म्हणून मागच्या सीटखाली पत्र्याची भलीमोठी टाकी स्वतः वेल्डिंग करून ठोकली होती. वाशीत तेव्हा आमच्या इमारतीपुढे खाडीपर्यंत नुसतं मोकळं रान. त्या रानात जीप चिखलात घालायची आणि चारही चाकं फिरवून बाहेर काढायची, हा त्याचा रविवार.

पहाटे निघालो. पनवेलला डिझेल घेताना पंपवाला म्हणाला, "साहेब, टाकी जरा सावकाश घेते." आम्ही हसण्यावारी नेलं. महाडला पाईप टाकीच्या तोंडात घातला की गुडगुड आवाज यायचा आणि डिझेल उलटं अंगावर उडायचं. कशेडी घाटाची लाल धूळ आणि डिझेल मिळून सुधाकरचा शर्ट गेरूनं सारवल्यासारखा झाला. चिपळूणला मुक्काम केला. खाणावळीत सुरमई आणि सोलकढी इतकी झकास, की टाकीचा विषयच निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या पंपावर मात्र अब्रू गेली. मागे ट्रकची रांग लागली. मुंबईकडचाच एक ड्रायव्हर खाली उतरला. "ओ शेठ, तुमची टाकी पिते का नुसती चाखते? आमी काय इथंच संसार मांडायचा का?" पंपवाल्यानंही हात जोडले आणि थोडंसंच डिझेल देऊन आम्हाला वाटेला लावलं. पुढे गोवा ओलांडताना आमचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त. तेव्हा त्या रस्त्यावर नद्यांना जागोजागी पूल नव्हते, जीप फेरीबोटीवर चढवावी लागायची. आता जाणाऱ्यांना तो रस्ता रुंद आणि सोपा मिळेल, पण बोटीच्या कठड्याला टेकून खाल्लेली गरम भजी मिळणार नाहीत. मडगावला दुसरा मुक्काम केला.

ग्रहणाच्या दिवशी कारवारला पोचलो तेव्हा गाव गुपचूप होतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. जीपचा काटा तळाला टेकलेला. एकच पंप उघडा, आणि त्याचा मालक, कपाळाला गंध लावलेले एक वयस्क गृहस्थ, साखळी लावायच्या बेतात.

"वेध लागलेत हो. मी आता घरी जाऊन आंघोळ करून बसतो. तुम्हीपण कुठं जाऊ नका, बाईमाणूस बरोबर आहे."

"हिलाच ग्रहण बघायचंय," सुधाकर म्हणाला.

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहिरीत उडी मारायला निघालेय. पण माणूस भला. "बरं. पटकन भरा."

पटकन! त्यांनी पाईप घातला आणि डिझेल घोटभर आत गेलं, वाटीभर बाहेर आलं. परत गुडगुड. मालक घड्याळ बघत होते. सुधाकर चिडून जीपखाली शिरला. "तोंडच बारीक झालंय. करवत दे, कापून मोठं करतो." मला रडूच फुटायचं बाकी होतं. अंकोला हाकेच्या अंतरावर, वर आकाश लख्ख, आणि मी पंपावर अडकून उरलेलं आयुष्य लिंबू आणि चेंडू हलवत राहणार!

तेवढ्यात पुन्हा गुडगुडलं, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा निघाला. गोडेतेलाचा नवा डबा. त्याला एकच भोक पाडलं तर तेल अस्संच गचके देत येतं. म्हणून कुठलीही बाई डब्याला दोन भोकं पाडते, एक तेलाला आणि एक हवेला.

"अहो, टाकीला दुसरं भोक कुठंय?"

"आहे की. हवेचा पाईप काढलाय ना मागे."

"दाखवा बरं."

सीटच्या मागे बोटाएवढा पाईप वर आला होता, आणि त्याच्या तोंडाला तांब्याच्या तारेनं घट्ट बांधलेलं कापड! वाशीकरांना सांगायला नको. खाडीचे डास इतके, की आमच्या इमारतीतल्या संडासाच्या प्रत्येक व्हेंट पाईपला कापड बांधलेलं असायचं. ते काम सोसायटीत सुधाकरकडेच होतं. पाईप दिसला की बांध कापड, ही सवयच लागलेली. जीपच्या पाईपलाही धूळ जाऊ नये म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं चौपदरी कापड त्यानं आवळलं होतं. वाशीत ते कोरडं होतं, म्हणून हवा जायची. वाटेत डिझेल उसळून ते भिजलं, त्यावर घाटाची धूळ बसली आणि त्याची अगदी कौलासारखी खापरी झाली. झाकण सैल होतं म्हणून टाकीत तेवढी हवा शिरून इंजिनला डिझेल मिळत होतं, एवढंच.

सुधाकरनं तार तोडली. पाईपमधून फुस्स करून हवा सुटली, आणि डिझेल असं सरळ आत जायला लागलं की आम्ही तिघं बघतच राहिलो. एवढ्याशा फडक्यानं एवढी जीप अडवून धरली होती!

"काय बांधलं होतं?" मालकांनी विचारलं.

"डासांसाठी," सुधाकर पुटपुटला. मालक हसू दाबत साखळी लावून घराकडे पळाले.

(जीपवाल्यांनो, हवेचा पाईप टाकीपेक्षा उंच न्या, मध्ये झोळ पडू देऊ नका, तोंड छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवा. लावायचीच तर पितळी जाळी लावा. कापड डासांसाठी ठेवा.)

अंकोल्याच्या अलीकडे रस्ता सोडून चारही चाकांवर वाळूत उतरलो. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, माणूस एकही नाही. एक्स-रेच्या फिल्ममधून बघितलं तर सूर्य कुरतडायला सुरुवात झाली होती. मग ऊन फिकं व्हायला लागलं, पण संध्याकाळसारखं नाही. आमच्या सावल्या सुरीनं कापल्यासारख्या धारदार झाल्या. गार वारा सुटला. कावळे माडांकडे परतले. आणि समुद्रावरून अंधार आला. आला म्हणजे धावतच आला. पाणी, लाटा, वाळू एकामागून एक गिळत तो आमच्यावरून गेला आणि मी सुधाकरचा दंड घट्ट धरला.

वर सूर्याच्या जागी काळं बुबुळ होतं आणि त्याच्याभोवती पांढऱ्या उजेडाच्या जटा पसरलेल्या. भरदुपारी चांदण्या दिसत होत्या. मला सगळं माहीत होतं. चंद्र मध्ये आला, सावली पडली, बस्स. तरी माझे गुडघे वाळूत टेकले, कधी ते कळलं नाही. नुसती जीप पळवायला आलेला सुधाकर हात जोडून उभा होता. मग कडेला उजेडाचा एक थेंब फुटला आणि सगळं जग परत मिळालं.

वाशीला परतलो. सासूबाईंनी दारातच थांबवलं आणि आंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही. जेवणं झाली. सुधाकर झोपला. मी ओटा पुसत होते, तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"जन्मात इतकी ग्रहणं झाली, पण मी डोळे मिटूनच बसले. कसं दिसतं गं?"

मी पाट घेऊन बसले आणि शिकवायला लागले. दिवा, चेंडू, लिंबू, सगळं नीट क्रमानं. समुद्रावरून अंधार आला इथपर्यंत पोचले आणि पुढे शब्दच येईनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतकी वर्षं वर्ग घेतलेली बाई मी, मला एक वाक्य जुळवता येईना.

सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिसलं मला."