मुलीच्या मामांनी मागे उभं राहावं

आमच्या खान्देशात लग्नात नातं माइकवर सांगतात. साडू आले, व्याही आले, मावसमेहुणे आले, की माइकवाला प्रत्येकाचं नाव, गाव आणि धंदा खणखणीत आवाजात पुकारतो. कुणाचं राहिलं तर तो वरण-बट्टीच्या पानावरून तरातरा उठून जातो आणि मग त्याची समजूत काढेपर्यंत नवरीची पाठवणी खोळंबते. मुलीच्या मामाचा मान तर विचारूच नका. मंगलाष्टकं लागली की तो भाचीच्या पाठीशी उभा राहतो. मला हे सगळं फार गोड वाटायचं. आता लग्नात माइक खरखरला की तोंड कडू होतं.

मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. राहायला धुळ्याला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. आमच्या शाळेला नवी खोली मंजूर झाली तेव्हा भागातून निवडून आलेले पुढारी स्वतः नारळ फोडायला आले होते. बांधकाम चालू असताना ठेकेदार अधूनमधून गाडीतून यायचा. हातात सोन्याचं जाड कडं. माठातलं पाणी प्यायचा आणि मला म्हणायचा, "बाई, राजवाडा करून देतो तुमच्या शाळेचा!" मी आपली खूश. लवकरच राजवाड्याचं छत पाझरायला लागलं. मी अर्जावर अर्ज केले. साहेब लोक आले, छताकडे बघून म्हणाले, "थोडी ओल आहे बाई, सुकेल." ओल सुकली नाही. एका सकाळी गणिताच्या तासाला छताचा एक तुकडा सुटला आणि चौथीतल्या एका मुलीच्या खांद्यावर पडला.

तिचे आईबाप सुरतेकडे कामाला. घरी आजी. पोरगी रडलीसुद्धा नाही हो, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला उचलून मी धुळ्याला दवाखान्यात नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून ती परत आली तेव्हा तिच्या आजीनं मला एवढंच विचारलं, "ताई, आते त्या खोलीमा नही ना बसाडशी?" मी शब्द दिला. छत नीट होईपर्यंत एकही मूल त्या खोलीत बसणार नाही. तेव्हापासून माझी शाळा निंबाखाली भरायला लागली.

बातमी झाली तसे पुढारी धावत आले. त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि गावासमोर कडाडले, "कोण आहे हा ठेकेदार? मी त्याला ओळखतसुद्धा नाही! कुणाच्या बापाचा असला तरी सोडणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीनं नाही वाजवल्या. ती म्हणाली, "हाऊ वळखस त्याले. बठ्ठास्ले माहीत शे." सगळ्यांना माहीत असलेलं मला मात्र माहीत नव्हतं. मी पडले धुळ्याची.

थोड्याच दिवसांत पुढाऱ्यांच्या मुलीचं लग्न लागलं, धुळ्यातच, भल्या मोठ्या मैदानावर. अशा लग्नाला शिक्षकांनी जायचंच असतं. नाही गेलं तर बदलीच्या वेळी आठवण काढतात. गेले. अक्षता हातात घेऊन उभी राहिले. अंतरपाट धरला गेला आणि माइकवाला मोठ्यानं बोलला, "मुलीचे सख्खे मामा, आपल्या जिल्ह्यातले नामवंत शासकीय ठेकेदार, यांनी मुलीच्या मागे उभं राहावं!" आणि पुढे कोण आलं? तेच सोन्याचं कडं. पुढाऱ्यांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला, कवटाळलं, आणि दोघांनी फोटोग्राफरकडे बघून दात काढले.

शी!  ज्याला ओळखतसुद्धा नाही म्हणाला, त्याच्याच गळ्यात पडून हा माणूस हसत होता, मुलीचा मामा म्हणून. माझ्या शेजारी आमच्याच खात्यातले एक साहेब उभे होते. मी म्हटलं, "बघितलंत?" ते म्हणाले, "त्यात काय बघायचं बाई? कायद्यात बसतं सगळं." आणि खरंच बसतं म्हणे. उमेदवारी अर्जात स्वतःचं लिहायचं, बायकोचं लिहायचं, पोसायला असलेल्या पोराबाळांचं लिहायचं. बायकोचा भाऊ कशाला पोसायला असेल? त्याचं घर तर पुढाऱ्यांच्या घराहून मोठं. मग त्याचं कुठेच काही लिहायचं नाही. लग्नात ज्या नात्याचा डंका पिटायचा, ते नातं ठेका देताना गिळून टाकायचं. साधी गोष्ट आहे. ज्याला लोकांच्या पैशाची कामं वाटायची आहेत, त्यानं सांगावं ना, भाऊ काय करतो, साडू काय करतो, बायकोचा भाऊ कुठली खडी-सिमेंट ओततो. लग्नाच्या माइकवर सांगता तसंच सांगा. तेवढी लाज नसेल तर पोरीबाळींच्या डोक्यावरून हात तरी फिरवू नका.

जेवायला थांबले नाही. आहेराचं पाकीटही पर्समधून काढलं नाही, तसंच घरी आणलं.

पुढे चौकशी झाली. ठेकेदार बाजूला झाला आणि दुरुस्तीचं काम एका नव्या कंपनीला मिळालं. गावात गाडी आली ती तीच, मिक्सर तोच, मुकादमही तोच. मी मुकादमाला विचारलं, "तुमची कंपनी बदलली म्हणे?" तो खाली बघत म्हणाला, "आता मामींच्या नावावर आहे." म्हणजे ज्यानं छत पाडलं त्याच्याच घरात ते सांधायचे पैसे गेले. चोराच्या हातीच जामदारखान्याच्या किल्ल्या! वरून गिलावा झाला, पांढरा चुना झाला, बाहेर रांगोळी झाली आणि उद्घाटनाचा दिवस ठरला.

सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. मांडवात पुढारी बसले, शेजारी मामाही बसले. आता ओळखत होते वाटतं एकमेकांना. मी माइक हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच. आमच्या लग्नातल्या माइकवाल्याच्या चालीवर मी पुकारलं, "आपल्या साहेबांचे सख्खे मेहुणे, साहेबांच्या मुलीचे मामा, या खोलीचे पहिले ठेकेदार आणि दुरुस्ती करणाऱ्या मामींचे यजमान, यांचं शाळेतर्फे स्वागत!"

 मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि बायकांनी पदर तोंडाला लावले. पुढारी हसले, तोंडातल्या तोंडात. मुलांना फोटोसाठी आधीच खोलीत नेऊन बसवलं होतं. माझ्या शब्दाला विचारतो कोण? वरून हुकूम होता. ती चौथीतली मुलगीही बसली होती, पहिल्याच ओळीत. फीत कापली, फोटोग्राफर आत गेला आणि म्हणाला, "साहेब, या, मुलांच्या मागे उभे राहा."

दोघं उंबऱ्यापाशी आले. तेवढ्यात त्या मुलीची आजी पुढे झाली. हात जोडून, अगदी मानानं म्हणाली, "मामा, भाचीना मांगे उभा राह्यनात ना? तसा आमना पोरेस्ना मांगे बी उभा राहा."

मामांनी मान वर केली. छताकडे बघितलं. ते छत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाय उंबऱ्यावरच राहिला. त्यांनी पुढाऱ्यांच्या दंडाला हलकेच धरून मागे ओढलं आणि फोटोग्राफरला म्हणाले, "फोटो बाहेर काढू. बाहेर उजेड चांगला आहे."

पुढारीही लगेच मागे सरकले. एकानंही आत पाऊल टाकलं नाही. आत माझी मुलं हाताची घडी घालून, वर न बघता, फोटोसाठी ताठ बसली होती.

मी त्या दोघांच्या मधून आत गेले. "दफ्तरं उचला," म्हटलं, "चला निंबाखाली." पोरं भराभर उठली. पुढारी दारातून ओरडले, "बाई, हे काय चाललंय?"

"बाहेर उजेड चांगला आहे, साहेब," मी म्हटलं, आणि त्या मुलीचा हात धरून तिला बाहेर आणलं.