वहिनींच्या जोडफोटोची दुरुस्ती

शिवाजी पेठेत माझं फोटो लॅमिनेशनचं आणि डिजिटल बोर्डांचं दुकान आहे. वाढदिवस, दहावं, तालमीची मॅच, सगळ्यांचे बोर्ड मीच करतो. फोटो दुरुस्तीला एक फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो. शिकायला कुठं गेलो नाही. बघून बघून शिकलो आणि त्याचाच मला माज होता.

गल्लीतल्या वहिनी एके दिवशी दुपारी पदराखाली फ्रेम धरून आल्या. त्यांचे मिस्टर शिरोलीच्या फौंड्रीत होते. आदल्या वर्षी गेले. मला धाकट्या भावासारखं वागवायचे, म्हणून ह्या वहिनी आणि मी भावजी.

"दोघांचा म्हणून ह्यो एकच फोटो हाय बगा, भावजी," त्या म्हणाल्या. "वरीसशिराद्धाला भितीवर लावायचा हाय. खराब झालाय, तेवढा नीट करून द्या."

लग्नानंतर महिन्याभरानं स्टुडिओत काढलेला रंगीत फोटो. ते खुर्चीत, ह्या शेजारी, हिरवी साडी, लाल काठ. ओल लागून फोटो काचेला चिकटला होता आणि वहिनींच्या कपाळावरून, कुंकवाला लागून, केसांपर्यंत एक पांढरा चरा गेला होता. मी काचेसकटच स्कॅन केला. तिथंच थांबायचं, तर नाही. काच काढली तर अजून झकास येईल म्हणून ओढायला गेलो आणि निम्मा रंग काचेलाच राहिला. म्हटलं, असू दे, स्कॅन आहे की आपल्याकडं. वहिनींना मात्र सांगितलं नाही.

चरा काढायला बसलो तर टूल चालेना. माउस फिरवतोय, दाबतोय, पडद्यावर ढिम्म काही होत नाही. बंद करून परत उघडलं तरी तेच. शेवटी त्या सॉफ्टवेअरचा मराठी लोकांचा एक ग्रुप आहे, तिथं जोडफोटोतल्या बाईंच्या कपाळावरचा चरा काढायचाय, टूल चालत नाही, असं लिहून विचारलं. एक बाई होत्या, कुठल्यातरी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं.

"दादा, कुठंतरी बारीकसं सिलेक्शन राहिलंय, म्हणून टूल बाकीच्या फोटोवर चालत नाही. सिलेक्ट मेनूत जाऊन 'नन' करा, म्हणजे ती निवड सुटेल. आणि आधी मूळ फाईलची कॉपी ठेवा. कुंकवाच्या जवळ जपून जा, चरा काढायचं हील टूल ते पुसून टाकेल."

नन केलं आणि लगेच चालायला लागलं. आभार मानायचे सोडून मी लिहिलं, "कुंकू काढायचंच आहे. त्यांचे मिस्टर वारलेत. आमच्या पद्धती आम्हाला माहीत आहेत."

त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईंना विचारलंत का?"

मनात म्हटलं, ही कोण मला सांगणारी? वर्षभर वहिनींचं कपाळ मोकळंच बघत होतो. भिंतीवर त्यांचा कुंकवाचा फोटो लागला तर पै-पाहुणे नावं ठेवतील, असं मीच ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. चरा काढला आणि त्याबरोबर कुंकूही काढलं. इतकं सफाईदार, की तिथं कधी काही होतं असं वाटू नये. मग मूळ स्कॅनवरच सेव्ह करून फाईल बंद केली आणि स्वतःच्याच हातावर खूश झालो. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

वहिनी फोटो न्यायला आल्या. नवी फ्रेम हातात दिली. आधी मिस्टरांकडं बघून त्या जरा हसल्या. मग स्वतःकडं बघितलं. पदर तोंडाला लावला.

"त्येंच्या शेजारी बसवून पुसलासा व्हय, भावजी?"

"वहिनी, मला वाटलं..." एवढंच तोंडातून आलं.

"हितं तर ते जित्तं हायत की."

मी लगेच कॉम्प्युटरपुढं बसलो. पण बंद केलेल्या फाईलमधलं काम मागं घेता येत नाही. स्कॅनवर सेव्ह केलेलं, आणि मूळ फोटो मी काचेवरनं सोलून कचऱ्यात घातलेला. तेही त्यांना तेव्हाच सांगावं लागलं. त्या फ्रेम टेबलावर तशीच ठेवून गेल्या. दोनदा हाक मारली, मागं वळून बघितलं नाही.

त्या ग्रुपमध्ये परत लिहायला दोन दिवस लागले. एवढा मोठा गडी मी, पण एक ओळ लिहायचो आणि पुसायचो. शेवटी दुरुस्त केलेला फोटो टाकून लिहिलं, "ताई, मी चुकलो. विचारलं नव्हतं. कॉपीपण ठेवली नाही. कुंकू परत कसं आणू?"

त्या चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं. त्यांनी सुनावलं नाही, त्यानं जास्तच लाज वाटली. "फोटोवर नवीन लेयर, म्हणजे वेगळा थर घ्या," त्यांनी लिहिलं. "लाल रंग साडीच्या काठातून उचला, म्हणजे तेवढाच जुना दिसेल. कडा मऊ ठेवा. जागा मात्र त्यांनाच विचारा."

मी वहिनींच्या दारात गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं नाही, पण "येते म्हणावं भावजींस्नी," असं शेजारी बसलेल्या सुनेकडं बघून बोलल्या.

दुकानात त्यांना स्टुलावर बसवलं. मी कपाळाच्या बरोबर मधोमध लाल ठिपका दिला, गोल, नेटका.

"असं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि बोट पडद्यावर टेकवलं. "हितं. जरा डावीकडं. आन् वाकडं व्हतं त्ये."

"वाकडं?"

"घामानं पुसलं व्हतं माजं. फोटोवाला वरडाय लागला, मग ह्येंनीच घाईत बोटानं लावलं. त्येंला काय जमतंय कुंकू लावाय?"

आणि मी ते पार पुसून साफ केलं होतं. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. डावीकडं सरकवलं, एका बाजूला जरा ओघळल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, अजून थोडं. अजून केलं. मग त्यांनी पडद्यावरचं बोट मागं घेतलं.

मी आधी कॉपी काढली. मग त्यांच्याकडं बघितलं.

"सेव्ह करू का, वहिनी?"

"आत्ता इचारतासा व्हय?" त्या म्हणाल्या.